आधी चिंधी बघ

आर्विल हॅटमेकर हा माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. ठासणीची बंदूक किती कॅलिबरची घ्यावी, असं त्याला विचारायचं असेल तर माणसाने आधी घरी निरोप धाडावा, की जेवायला माझी वाट बघू नका. कॅलिबर म्हणजे नळीचं भोक केवढं, एवढीच काय ती गोष्ट. पण टेनेसीच्या या डोंगरांत माणसं एकवेळ चर्च बदलतील, कॅलिबर बदलणार नाहीत.

आर्विलचं चाळीस, म्हणजे इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले चाळीस. बत्तीसच्या बंदुकीला तो पिपाणी म्हणायचा. खारीपुरती बरी, पण जरा वारा सुटला की गोळी शेजारच्याच्या कुरणात. पन्नासच्या बंदुका ज्यांना नेम धरायचा कंटाळा येतो त्यांच्यासाठी. चौपन्नची हरणाला लागेल न लागेल, खांद्याला मात्र हमखास लागते. हे सगळं तो त्याचा जुना मित्र व्हर्लन स्टूक्सबरी याच्या तोंडावर सांगायचा, आणि व्हर्लनकडे पन्नासच्या दोन बंदुका आहेत.

“आर्विल, तुझी चाळीस खारीला मोठी आणि हरणाला छोटी,” व्हर्लन म्हणायचा. “मग ती आहे तरी कुणासाठी?”

“ज्याला मारता येतं त्याच्यासाठी.”

यात खोटं काही नव्हतं. एकच बंदूक त्याने सगळ्याला वापरली. खार मारली तर डोक्यात, मांसाला धक्का नाही. हरीण चाळीस पावलांच्या आत आल्याशिवाय चाप ओढायचा नाही, मग त्यापायी दिवसभर झाडाखाली गारठावं लागलं तरी चालेल. आणि नोव्हेंबरात व्हर्लनच्या कुरणावर कापलेल्या बैलाच्या वाट्यांसाठी नेमबाजी होते, तिथे मागच्या बाजूचा मोठा वाटा किती वेळा त्याने नेला ते मला पाठ आहे, कारण तिथली मोजणी बावीस वर्षं माझ्याकडे आहे. हात असा स्थिर की एकतीस वर्षं त्याने या वळणांवरून शाळेची बस चालवली आणि एकदाही पोरांच्या डब्यातलं दूध सांडलं नाही, असं माझी बहीण ओमा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. थोडं वाढवून सांगायची, पण फार नाही.

बंदूक त्याच्या पणजोबांनी घडवलेली. तेव्हा ती बत्तीसची होती. नळी मऊ लोखंडाची, आतल्या खाचा झिजतात, मग त्या पुन्हा कोरून काढाव्या लागतात आणि दर कोरणीला भोक थोडं मोठं होतं. पणजोबांच्या बत्तीसची आजोबांनी छत्तीस केली आणि वडिलांनी चाळीस. तिन्ही मापांच्या गोळ्यांचे साचे आर्विलच्या स्वयंपाकघरात खिळ्यांना ओळीने टांगलेले आहेत. म्हणजे ज्या चाळीसच्या नावाने हा माणूस जन्मभर टिमकी वाजवत आला, ती त्याने निवडलेलीच नव्हती. झिजेने निवडून दिली होती. हे मी त्याला एकदा सुनावलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

चाळीसची केली त्यालाही आता चाळीस वर्षं झाली. कोरायचा दांडा खरं तर वडिलांनी ओढायचा, पण त्यांच्या हाताला तेव्हा नुकताच कंप सुटला होता. म्हणून दांडा आर्विलने ओढला आणि वडील शेजारी बसून खेपा मोजत राहिले. पुढे दोन-तीन वर्षांत त्यांचा हात इतका हलायला लागला की एका नोव्हेंबरात, सगळ्यांच्या देखत, बंदुकीची दारू मापात जायच्या ऐवजी ओंडक्यावर सांडली. त्यांनी पुन्हा भरायचा प्रयत्न केला, पुन्हा सांडली. मग बंदूक आर्विलच्या हातात देऊन ते कुरणाबाहेर निघून गेले, ते परत कधी आले नाहीत. मी तिथेच उभी होते. 

आता चिंधीचं सांगते, कारण सगळं तिच्यावर येऊन ठेपणार आहे. ठासणीच्या बंदुकीत गोळी नुसती टाकत नाहीत. नळीच्या तोंडावर चरबी लावलेलं कापड पसरायचं, त्यावर गोळी दाबायची, जास्तीचं कापड सुरीने छाटायचं आणि गजाने तळापर्यंत ठासायचं. चिंधी खाचांना घट्ट धरते आणि गोळीला फिरकी देते. बार उडाला की ती दहा-बारा पावलांवर गळून पडते. ती उचलून बघायची. मधे काळा गोल डाग आणि बाकी शाबूत असेल तर ठीक. जळाली, फाटली असेल तर गोळी कुठेही जाणार, तो दोष नेमाचा नव्हे. कुणा नवशिक्याचा नेम चुकला आणि तो वाऱ्याला, डोळ्याला, कॅलिबरला बोल लावायला लागला की आर्विल शांतपणे म्हणायचा, “आधी चिंधी बघ.” हे त्याच्या थडग्यावर कोरायचं असं व्हर्लनने कधीच ठरवून ठेवलं आहे.

आर्विलच्या चिंध्या ओमा करायची. गादीच्या खोळीचं जाड सुती कापड, पांढऱ्यावर निळे पट्टे. एकाच ताग्यातून वर्षानुवर्षं तिने पट्ट्या फाडल्या, बैलाच्या चरबीत मेण घालून त्या माखल्या आणि डब्यात भरून ठेवल्या. त्याच ताग्यातून तिने स्वतःला एक मोठ्या खिशांचा एप्रन शिवला. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ओमा गेली. तिचा एप्रन मी मागून घेतला. मोजणीच्या दिवशी मी तो बांधते. एका खिशात दोरी, दुसऱ्यात पेन्सिल.

तिने करून ठेवलेल्या पट्ट्या वर्षभर पुरल्या. मग एक दिवस आर्विल रिकामा डबा घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

“नेटी, ते कापड कुठे मिळतं गं?”

“बस. माझ्याकडे आहे.”

होतंच. मी जन्मभर गोधड्या शिवत आले, माझ्याकडे कापड नसेल तर कुणाकडे असणार? एक दुकान बंद होत होतं, तिथून मी तसल्याच निळ्या पट्ट्यांचा अख्खा तागा उचलला होता. पट्टा जोडीचा होता, ओमाचा एकेरी, एवढाच फरक. मी ऐटीत पट्ट्या फाडून दिल्या आणि वर म्हणाले, “आता मरेपर्यंत काळजी नको.”

त्या हिवाळ्यापासून आर्विलचा नेम गेला.

आमच्याकडे मोजणी दोरीने होते. जळक्या फळीवर चाकूने फुली कोरतात, साठ यार्डांवरून दहा गोळ्या मारायच्या, आणि फुलीपासून प्रत्येक भोकापर्यंतचं अंतर एकाच दोरीवर पुढे पुढे घेत जायचं. ज्याची दोरी आखूड, त्याला बैलाचा मोठा वाटा. आर्विलची दोरी दरवर्षी अकरा-बारा इंच भरायची. त्या नोव्हेंबरात चौतीस भरली. मी तीनदा मोजली. तो माझ्याकडे बघत होता आणि मी दोरीकडे.

हरणांच्या दिवसांत त्याहून वाईट झालं. चाळीस पावलांवरच्या मादीला त्याची गोळी लागली ती पार मागे, पोटात. उजेड असेपर्यंत तो रक्ताच्या मागावर चालला, ती सापडली, त्याने तिला वेदनांतून सोडवलं. मांस माझ्या घरी आणून दिलं आणि स्वतः एक तुकडा खाल्ला नाही. त्यानंतर हरणाला तो गेलाच नाही. विचारलं तर म्हणे, “कॅलिबरचं ठरत नाहीये.”

आणि मग सुरू झालं ते कॅलिबर पुराण. ज्या माणसाने जन्मभर चाळीसची आरती ओवाळली, तो माझ्या ओसरीवर बसून म्हणायला लागला की छत्तीसच बरी होती. वसंतात म्हणाला, नळी पुन्हा कोरून पंचेचाळीस करावी. उन्हाळ्यात कुठल्याशा मासिकात वाचून आला की पन्नासला वारा कमी लागतो.

“आर्विल,” मी म्हटलं, “तू टोपी निवडायला लागलास तर डोकं थंडीने गोठेल.”

तो हसला नाही. कॉफीचा कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता. आधी कधी धरत नसे.

तेवढ्यात व्हर्लनकडून एक गोष्ट कळली. आर्विल त्याची पन्नासची आठवडाभरासाठी मागून घेऊन गेला होता. “परत आणून दिली,” व्हर्लन म्हणाला, “तर नळीच्या तोंडावर माझा कोळी जसाच्या तसा बसलेला. जाळंही मोडलं नाही. अगं, बंदूक फिरायला नेली होती की काय?” आणखी दोघांच्या बंदुकांचंही तसंच. न्यायच्या, आणायच्या, बार एकही नाही.

मी त्या दिवशी बटाटे सोलत होते, आणि सोलता सोलता माझा हात थांबला. दुसऱ्याच्या बंदुकीने मारून बघणं म्हणजे निकाल लागणं. तीही चुकली तर दोष हाताचा. जोवर कॅलिबरचं ठरत नाही, तोवर हाताचंही ठरत नाही. बापाचा हात सत्तरीत गेला आणि हा आता त्र्याहत्तरचा. त्याला काय भीती वाटतेय ते मला कळलं, आणि खरं सांगते, मी काही बोलले नाही. मलाही तीच भीती वाटली.

या नोव्हेंबरच्या आठवडाभर आधी आर्विलने व्हर्लनला सांगितलं, की यंदाची नेमबाजी झाली की चाळीसची तू ठेव आणि तुझ्या दोनपैकी एक पन्नासची मला दे. व्हर्लन वीस वर्षं त्या बंदुकीच्या मागे होता. दोघांनी हात मिळवला. आमच्याकडे हात मिळवला की झालं, कागद लागत नाही. व्हर्लनने ते मला सांगितलं, पण त्याच्या तोंडावर दिसायला हवा होता तेवढा आनंद नव्हता. मला मात्र माहीत होतं, की ती पन्नासची आर्विलच्या भिंतीवर टांगली जाईल आणि तिथेच राहील. त्याचे वडील कुरणाबाहेर चालत गेले. हा अदलाबदल करून जाणार होता, एवढाच फरक.

शनिवार उजाडला तो कोरडा आणि थंड. चौदा जण आले होते. चिठ्ठीत आर्विलचा पहिला नंबर निघाला. सकाळी प्रत्येकाच्या पाच गोळ्या, मग जेवण, मग उरलेल्या पाच, असा आमचा रिवाज. आर्विल ओंडक्यामागे पालथा झोपला, नळी ओंडक्यावर टेकवली, पाच बार काढले. दारू ओतताना तो आमच्याकडे पाठ करायचा. फळी आणायला मी कुरणातून सरळ चालत गेले. पाच भोकांची दोरी एकोणीस इंच भरली. मी आकडा वहीत लिहिला, मोठ्याने वाचला नाही. व्हर्लननेही विचारला नाही, आणि व्हर्लन न विचारणारा माणूस नव्हे.

सगळ्यांच्या पाच-पाच संपल्या तेव्हा बारा वाजत आले होते. स्वयंपाकाच्या शेडमध्ये घेवडा शिजत होता, मक्याची भाकर होती, सफरचंदाच्या तळलेल्या करंज्या होत्या. मी शेगडीजवळ बसून बुटांचा चिखल खरवडायला घेतला, तर उजव्या टाचेखाली चरबीने चिकटलेली एक चिंधी निघाली. निळा पट्टा, जोडीचा. मी विकत घेतलेलं कापड मी ओळखणार नाही? तसं कापड त्या कुरणावर एकट्या आर्विलकडे होतं.

चिंधीच्या मधोमध नाण्याएवढं भोक पडलं होतं. त्याहून वाईट म्हणजे भोकाची कड. मी तिच्यावरून अंगठा फिरवला. सुती कापड जळालं की कडेची राख होते, बोटाने झडून जाते. ही कड कडक होती, तिच्यावर बारीक बारीक काळे मणी धरले होते. आर्विलची थैली खुंटीला होती, त्यातली नवी पट्टी काढून मी एक धागा ओढला आणि शेगडीच्या जाळावर धरला. धागा जळाला नाही. आक्रसला, वितळला आणि टोकाला टपोरा मणी झाला.

नायलॉन म्हणा, पॉलिएस्टर म्हणा, निम्मं कापड ते होतं. ही परीक्षा मला आईने सातव्या वर्षी शिकवली होती. गोधडीचं प्रत्येक कापड मी अशी पारखून घेते. आणि हे मात्र नुसते पट्टे बघून घेतलं, कारण स्वस्त होतं. दर बारात ते आत वितळत होतं आणि गोळी मोकाट सुटत होती. दोन वर्षं मी एका हाताने त्याला हे कापड दिलं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या चुकांची दोरी मोजली. दोन्ही हात माझेच, पण एकमेकांशी बोलले नाहीत.

मी बाहेर आले तर आर्विल व्हर्लनच्या गाडीजवळ उभा होता. चाळीसची त्याने दोन्ही हातांनी पुढे धरली होती.

“जेवणानंतरच्या पाच राहू दे,” तो म्हणत होता. “उगाच कशाला दोरी वाया घालवायची. घे.”

“अरे, संध्याकाळी देणार होतास ना,” व्हर्लन म्हणाला. त्याने हात खिशातून काढले नव्हते.

“व्हर्लन, तिला हात लावू नकोस,” मी म्हटलं. “आर्विल, इकडे ये. हे बघ.”

मी चिंधी त्याच्या तळव्यावर ठेवली. त्याने बघितली, आणि लगेच नजर काढून घेतली.

“हे कुणाचं आहे?”

“तुझं. तुझ्या पहिल्या पाचातलं. कडेवरून बोट फिरव.”

त्याने फिरवलं. मग परत फिरवलं.

“कापड खोटं आहे,” मी म्हटलं. “सुती नाही. आत वितळतंय. मी आत्ता धागा जाळून बघितला. चूक माझी आहे, आर्विल. दोन वर्षं माझीच.”

तो गाडीच्या पायरीवर बसला. बंदूक मांडीवर आडवी. मला वाटलं आता चिडेल, आणि चिडला असता तर मी ऐकून घेतलं असतं.

“नक्की ना?” तो म्हणाला. “म्हणजे हात नाही?”

“हात कुठला? आठ कप कॉफी ढोसशील तर कुणाचाही कप वाजेल.” आणि मग मलाच राग आला, भीती सरल्यावर येतो तसा. “अरे, जगाला सांगत फिरतोस ना, आधी चिंधी बघ म्हणून? दोन वर्षांत एकदा खाली वाकून स्वतःची बघायला काय झालं होतं तुला?”

तो चिंधीकडे बघत राहिला. मग हळू आवाजात म्हणाला, “आणि धड निघाली असती तर?”

व्हर्लनने तोंड फिरवलं आणि गाडीच्या टायरला उगाच दोन लाथा मारल्या.

“बरं, मग आता दुपारच्या पाचांना चिंधी कुठून आणणार?” टायरवरून वळून व्हर्लन म्हणाला. “माझी पातळ आहे, चाळीसला बसायची नाही.”

आर्विलने मान वर केली आणि तो माझ्याकडे बघायला लागला. माझ्याकडे म्हणजे माझ्या पोटाकडे. मी खाली बघितलं. ओमाचा एप्रन. एकेरी निळा पट्टा, तोच तागा, धुऊन धुऊन मऊ झालेला. दोन वर्षं तो ओंडक्यापासून दहा पावलांवर माझ्या कमरेला बांधलेला होता.

मी तो सोडला आणि खालून वीतभर रुंदीची पट्टी टर्रकन फाडली. आधी एक धागा काढून जाळला, हे सांगायला नको. राख झाली.

“वा,” व्हर्लन शेडकडे बघून ओरडला, “मोजणारी बाई आता नेमबाजाला कपडे काढून द्यायला लागली. हे नियमात बसतं का रे?”

“तुझ्या दोऱ्या बावीस वर्षं न हसता मोजल्या, ते नियमात बसतं का?” मी म्हटलं.

आर्विलने किटलीतलं कढत पाणी घेऊन नळी धुतली. गजाच्या टोकाला चिकटून तपकिरी डिंकासारखं काहीतरी निघालं, ते त्याने हुंगलं आणि माझ्या नाकाखाली धरलं. मग पट्टीला चरबी चोळत बसला. चोळताना त्याची बोटं थोडी थरथरत होती. मी बघितलं, त्यानेही बघितलं, आणि तो चोळत राहिला.

दुपारी तो पुन्हा ओंडक्यामागे झोपला. या वेळी दारू ओतताना पाठ केली नाही. एक दाणाही सांडला नाही, मी डोळ्यांत तेल घालून बघत होते. पहिला बार झाला तसा तो उठला, बारा पावलं पुढे चालत गेला, वाकला आणि चिंधी उचलली. सगळे बघत होते. त्याने ती उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. मग ओंडक्यापाशी परत येऊन माझ्या हातात दिली. मधे काळा गोल डाग, बाकी जशीच्या तशी, ओमाची शिवण एका कडेला. माझा जीव भांड्यात पडला. आर्विलने डोळे पुसले, बाहीने, आणि कुणी बघतंय का याची पर्वा केली नाही.

उरलेल्या चार त्याने अशा मारल्या की फळी आणायला गेले तेव्हा मला वाटलं दोन गोळ्या चुकल्याच. चुकल्या नव्हत्या, एकाच भोकातून गेल्या होत्या. पाचांची मिळून दोरी साडेतीन इंच. सकाळचे एकोणीस धरून साडेबावीस, म्हणजे चौदा जणांत पाचवा. पाचवा वाटा म्हणजे बैलाचं कातडं आणि चरबी. मागचा मोठा वाटा व्हर्लनने नेला.

संध्याकाळी आर्विल बंदूक घेऊन व्हर्लनसमोर उभा राहिला. चेहरा पडलेला, पण शब्द तो शब्द.

“हात मिळवला होता आपण,” तो म्हणाला.

व्हर्लनने बंदूक घेतली. वीस वर्षं जिच्यामागे लागला होता ती. दस्त्यावरून हात फिरवला, नळीच्या तोंडात डोकावला. मग परत आर्विलच्या छातीवर टेकवली.

“ही?” तो म्हणाला. “चाळीसची? खारीला मोठी आणि हरणाला छोटी. मला काय करायचीय? मी दारू प्यायलेलो असणार हात मिळवताना.”

व्हर्लन बाप्टिस्ट आहे, थेंबाला शिवत नाही. आर्विलने बंदूक धरली आणि मान हलवली. मग पाचव्या वाट्यातली निम्मी चरबी त्याने व्हर्लनच्या गाडीत नेऊन ठेवली, आणि पन्नासच्या बंदुका आळशी माणसांसाठी असतात हे पुन्हा एकदा सविस्तर सांगितलं. व्हर्लनने ते सगळं ऐकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात आर्विल माझ्या ओसरीवर आला तो काखेत कापडाचा तागा घेऊन. जाड, सुती, एकेरी निळा पट्टा. एका कोपऱ्याला दोन-चार धागे जळालेले.

“दुकानातच जाळून बघितलं,” तो म्हणाला. “बाई ओरडली.”

“किती आणलंस हे?”

“दहा यार्ड. एक तुझ्या एप्रनला. ओमाचा मी फाडायला लावला.”

“आणि बाकीचं?”

“चिंध्यांना. वर्षाला अर्धा यार्ड लागतो.”

मी कॉफी ओतली. त्याने कप एका हाताने उचलला. बशीवर तो जरासा वाजला आणि आर्विलने तो वाजू दिला. मोजणीची सवय जात नाही माणसाची. नऊ यार्डांची अठरा वर्षं, ती त्र्याहत्तरात मिळवली तर किती होतात, ते मी मनातल्या मनात करून बघितलं, आणि कात्री शोधायला आत गेले.